दूध संस्थांसाठी चौघांची कंपनी: शेतकऱ्याला अ‍ॅप द्यावं की व्हॉट्सअ‍ॅपवरच राहावं?

भोगावतीकाठ

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमची चौघांची कंपनी आहे. करवीर आणि राधानगरी तालुक्यातल्या गावच्या दूध संस्थांना आम्ही संकलनाचं सॉफ्टवेअर देतो. काटा आणि फॅट मशीन आमच्या टॅबला जोडलेलं असतं. दूध ओतलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आपोआप चढतात, दरपत्रकावरून दर लागतो, चिठ्ठी निघते. दर दहा दिवसांनी बिल. संस्थेत रेंज नसली तरी काम थांबत नाही, रेंज आली की सगळं वर चढतं. हा भाग नीट बसलाय आणि त्याबद्दल माझा काही प्रश्न नाही.

प्रश्न पुढचा आहे. एका सचिवांनी आग्रह धरला म्हणून कागदी चिठ्ठीसोबत तीच चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला लागलो. आधी वाटलं होतं की शेतकरी ती बघेल आणि कागदाची बचत होईल. झालं वेगळंच. पुष्कळ घरांत वडिलांकडे साधा फोन आहे, त्यामुळे संस्थेत नंबर दिलाय तो मुलाचा. मुलगा चाकणला कंपनीत, नाहीतर हिंजवडीत. बापानं सकाळी साडेसहाला दूध घातलं की पोराला कंपनीच्या बसमध्ये कळतं, आज म्हशीचं फॅट उतरलं. तो तिथून फोन लावतो, ‘आबा, पेंड बदलली काय?’ अशा घरांतला बाप आता संस्थेत येऊन सांगतो की चिठ्ठी पोराला गेली नाही, तेवढी बघा. ही मागणी आम्ही कुठल्याच कागदावर लिहिली नव्हती. ती लोकांनी तयार केली.

आता अडचण. आम्ही ज्या इन्क्युबेटरमध्ये (नव्या कंपन्यांना जागा आणि मार्गदर्शन देणाऱ्या केंद्रात) बसतो तिथले मार्गदर्शक म्हणतात, अ‍ॅप काढा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा माणूस तुमचा नव्हे, गुंतवणूकदार पहिल्यांदा विचारणार की महिन्याला किती जण तुमचं अ‍ॅप उघडतात. शिवाय त्यांनी सुचवलंय की अ‍ॅपमध्ये गावाची यादी लावा: या दहा दिवसांत सगळ्यात जास्त दूध कुणाचं, सगळ्यात चांगलं फॅट कुणाचं. पोरं ते स्टेटसला लावतील, फुकट जाहिरात होईल. यात तथ्य आहे. दिवाळीला दर फरकाची, म्हणजे वर्षभराच्या दुधावर मागाहून मिळणारी जादा रक्कम आली की बिलाचा फोटो स्टेटसला लागतोच.

आमच्याकडे अ‍ॅप करणारी एकच जण आहे आणि तिचे चार महिने तरी जातील. व्हॉट्सअ‍ॅपचा खर्चही वाढतोय, कारण कंपनीनं पाठवलेल्या मेसेजमागे पैसे पडतात. दोन्ही बाजूंनी विचार करून डोकं शिणलंय. ज्यांनी गावाकडच्या माणसासाठी काही बनवलंय त्यांनी मनापासून सांगावं.

कोड_गोदावरी

अ‍ॅप काढा असं माझं स्पष्ट मत आहे, आणि कारण पैशाचं आहे. दिवसाला दोन वेळचं दूध म्हणजे माणशी महिन्याला साठ मेसेज. पाच हजार शेतकरी झाले की महिन्याला तीन लाख मेसेज. दर पैशांत असला तरी संस्था तुम्हाला माणशी जे देते त्यातलं किती त्यात जाईल ते कागदावर मांडून बघा. अ‍ॅपमधल्या नोटिफिकेशनला पैसे पडत नाहीत.

एक कामाची गोष्ट. प्ले स्टोअरचं खातं कुणाच्या वैयक्तिक नावावर काढू नका. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्यांना अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आधी तर २० जण लागायचे. कंपनीच्या नावानं काढा. त्याला डन्स नंबर (कंपनीची ओळख पटवणारा क्रमांक) लागतो, तो मिळायला वेळ जातो, म्हणून अर्ज आजच टाका.

वाईची_पुण्यात

भोगावतीकाठ, तुमचा मजकूर दोनदा वाचला. आबांचा प्रसंग वाचून तुमच्याकडे काय आलंय याची तुम्हाला पूर्ण कल्पना आहे की नाही, अशी शंका आली. सविस्तर लिहिते.

आधी गोदावरींच्या हिशोबाबद्दल. तीन लाखांचं गणित बरोबर आहे, पण ते साठही मेसेज तुम्ही आपणहून पाठवता असं धरून केलेलं आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे दर १ जुलै २०२५ पासून संभाषणामागे न लागता पाठवलेल्या टेम्प्लेटमागे, म्हणजे आधी मंजूर करून घेतलेल्या साच्यातल्या मेसेजमागे, लागतात. मात्र समोरच्यानं आधी तुम्हाला मेसेज केला तर पुढचे २४ तास तुम्ही दिलेलं उत्तर फुकट असतं, त्या वेळात युटिलिटी (बिल, पावतीसारख्या व्यवहाराच्या) टेम्प्लेटलाही पैसे पडत नाहीत. म्हणजे रोजची चिठ्ठी ज्याला हवी त्यानं मागावी. चाकणच्या पोरानं सकाळी बसमध्ये बसल्यावर तुमच्या नंबरावर ‘दूध’ एवढं टाकलं की सकाळची चिठ्ठी त्याच्या हातात, आणि संध्याकाळचीही त्याच २४ तासांत जाते. तुम्ही आपणहून पाठवायचं फक्त दहा दिवसांचं बिल. साठाचे तीन झाले. आणि बिलाच्या मेसेजमध्ये ‘आमच्याकडे पशुखाद्यावर सवलत’ असलं एक वाक्यही घालू नका. तेवढ्यानं तो मेसेज मार्केटिंगमध्ये ढकलला जातो आणि मार्केटिंगचा दर कितीतरी पट आहे.

आता अ‍ॅपबद्दल. अ‍ॅप कुणासाठी, हा प्रश्न तुमच्या मार्गदर्शकांना विचारा. सचिवांसाठी ते हवंच, आणि ते तुम्ही टॅबवर दिलेलं आहे. त्यांचा काटा, मशीन, छपाई, बिनरेंजचं काम हे व्हॉट्सअ‍ॅपवर कधीच होणार नाही. आबांसाठी कागद आहे आणि तो पुरेसा आहे. राहिला मुलगा. त्याला दिवसातून अर्ध्या मिनिटाची माहिती हवी. अर्ध्या मिनिटासाठी माणूस अ‍ॅप ठेवत नाही. फोन भरला की पहिलं असंच अ‍ॅप काढून टाकतो. मिंत्रासारख्या मोठ्या दुकानानं मे २०१५ मध्ये वेबसाइट बंद करून फक्त अ‍ॅप ठेवलं होतं. पुढच्याच वर्षी वेबसाइट परत आणावी लागली. त्यांच्याकडे तर लोक स्वतःहून कपडे बघत तासन्‌तास बसायचे. मुलाला मागचे सहा महिने बघायचे असतील तर बिलाच्या मेसेजमध्ये एक दुवा द्या. साधं, हलकं वेबपान, पासवर्डची भानगड नाही, दुव्याची मुदत थोडी ठेवा.

तरीही तुमच्या मार्गदर्शकांचं एक वाक्य मला सोडवत नाही: व्हॉट्सअ‍ॅपवरचा माणूस तुमचा नव्हे. हे खरं आहे. फक्त त्यावरचा उपाय अ‍ॅप हा नाही, कारण प्ले स्टोअरवरचा माणूसही तुमचा नव्हे.

मी २००८ पासून या धंद्यात आहे. पहिली नोकरी पुण्यात एसएमएस गटांवर चालणाऱ्या छोट्या कंपनीत होती. बाजारभाव, मंडळांच्या बैठका, क्रिकेटचा स्कोअर, सगळं साध्या फोनवर. लोक जाहिरातींच्या भडिमाराला कंटाळले होते, म्हणून सप्टेंबर २०११ मध्ये एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा आली. नियमाची गरज होती. पण गटातल्या सगळ्यांना रोज निरोप धाडणाऱ्या मंडळाच्या सेक्रेटरीलाही तो तसाच लागू झाला. फेसबुकनं २००७ च्या मे महिन्यात बाहेरच्या कंपन्यांसाठी दार उघडलं, मित्रांना जाणाऱ्या सूचनांवर खेळांच्या कंपन्या उभ्या राहिल्या, आणि मार्च २०१० मध्ये त्या सूचना बंद झाल्या. ३० एप्रिल २०१५ ला जुना एपीआय, म्हणजे बाहेरच्या कंपन्यांना फेसबुकवरची माहिती मिळायची वाट, बंद झाला तेव्हा मित्रांची माहिती वाचून चालणारी अ‍ॅप्स जागेवर थांबली. गूगलनं ऑक्टोबर २०१८ मध्ये एसएमएस वाचायच्या परवानगीवर निर्बंध जाहीर केले आणि बँकेचे मेसेज वाचून खर्चाचा हिशोब मांडणाऱ्या अ‍ॅप्सना नव्यानं विचार करावा लागला. २९ जून २०२० च्या संध्याकाळी टिकटॉकसह ५९ अ‍ॅप्सवर बंदी आली. आपल्या भागातल्या ज्या पोरापोरींना लाखोंनी लोक बघायचे, त्यांच्याकडे त्या लोकांपर्यंत पोचायचा दुसरा कुठलाच रस्ता नव्हता. इन्स्टाग्रामवर रील्स आल्या त्या पुढच्या महिन्यात, आणि बऱ्याच जणांनी तिथे शून्यापासून सुरुवात केली.

यातले काही निर्णय लोकांच्या भल्याचे होते, काही कंपन्यांच्या सोयीचे. मला त्यात चूक-बरोबर ठरवायचं नाही. मला हे दिसतं की दरवेळी टिकले ते, ज्यांच्या वहीत आपल्या माणसाचं नाव दुसऱ्या कुणाच्या ओळखीवर लटकलेलं नव्हतं.

म्हणून विचारते. तुमच्या डेटाबेसमध्ये शेतकरी कशावरून ओळखला जातो? मोबाइल नंबरवरून असेल तर सगळं काम बाजूला ठेवून आधी ते बदला. गावच्या संस्थेत माणसाची ओळख त्याचा खाते क्रमांक आहे. सचिव त्याच क्रमांकानं हाक मारतात, कॅनवरही बऱ्याचदा तोच लिहिलेला असतो. मोबाइल नंबर ही त्या खात्यापर्यंत जायची एक वाट. खात्याला दोन-तीन नंबर जोडता यावेत: घरचा, मुलाचा, सुनेचा. प्रत्येकाला काय जावं ते खातेदारानं ठरवावं. उद्या व्हॉट्सअ‍ॅप महाग झालं, बंद झालं, लोक दुसरीकडे गेले, तर वाट बदलेल, खातं तिथेच राहील.

नंबर टिकत नाहीत हेही ध्यानात घ्या. जुलै २०२४ मध्ये रिचार्ज महागले तेव्हा कितीतरी घरांनी दुसरं सिम सोडलं. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. म्हणजे आबांचं बिल भलत्याच माणसाच्या फोनवर जाईल, आणि बिलात काय काय असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

त्याच कारणानं ती गावाची यादी करू नका. कळकळीनं सांगते. माझं माहेर वाईजवळच्या गावातलं, घरात दोन म्हशी होत्या. बिलाच्या वरच्या भागात दूध असतं, खालच्या भागात कपाती: पशुखाद्य, उचल, पतसंस्थेचा हप्ता. ज्या घरी बाळंतपण किंवा आजारपण झालंय तिथे कपात मोठी आणि हातात येणारे पैसे थोडे. यादीत तुम्ही फक्त फॅट दाखवाल, पण कुणाचं दूध अचानक कमी झालं हे गावाला कळलं की म्हैस विकली हेही कळतं, आणि का विकली हेही कळतं. आपण होऊन स्टेटसला लावणं वेगळं. ज्याला अभिमानानं लावायचंय त्याच्यासाठी कपातीविना, फक्त दूध, फॅट आणि दर फरक असलेलं एक सुरेख चित्र तयार करून द्या. वर संस्थेचं नाव, तळाला कोपऱ्यात तुमचं. तुमची जाहिरात त्यात होईल.

चाकण_नाईट_शिफ्ट

मी तो बसमधला पोरगा आहे असं समजा. आमची संस्था वेगळी, सॉफ्टवेअरही दुसऱ्याचं, पण चिठ्ठी येते. अ‍ॅप मी टाकणार नाही. फोनमध्ये जागा नाही, आणि कंपनीत गेटवर फोन जमा करतात, बाहेर आल्यावर जे समोर असेल तेच बघतो.

मला रोजच्या आकड्यांत फार रस नाही. मागच्या वेळेपेक्षा आज फरक पडला का, एवढंच हवं असतं. आमच्याकडे एक गाय, दोन म्हशी. म्हशीचं फॅट सातच्या आसपास असतं. ते एकदम सहाच्या खाली आलं तर मेसेजमध्ये वर तेवढं दिसलं पाहिजे. बाकी आकडे खाली.

अजून एक. आमच्यात खातं आईच्या नावावर आहे. दूध तीच काढते, तीच घालते. नंबर माझा दिला तेव्हा तिला कुणी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही. वाईच्या ताईंनी लिहिलंय की खातेदारानं ठरवावं, ते वाचून मी तिला फोन केला. ती म्हणाली, मला पण पाठव, शेजारच्या पोरीकडून वाचून घेईन. तेव्हा तिचाही नंबर जोडायची सोय ठेवा.

भोगावतीकाठ

सगळ्यांचे आभार. ताई, तुम्ही बरोबर ओळखलंत, आमच्याकडे नंबर हीच किल्ली आहे. सुरुवातीला ओटीपीसाठी तसं केलं आणि तेच पुढे राहिलं. एका नंबरावर दोन खाती असली की आत्ताही जुळवाजुळव करावी लागते, आई-मुलाचं तर नेहमीचंच. हे काम पहिलं घेतो.

यादीचा बेत रद्द. आमच्यातल्या दोघांच्या घरी दूध आहे, त्यांनी ताईंचा मजकूर वाचल्यावर त्यावर चर्चाच केली नाही.

एक शंका उरते. ज्या घरात कुणाचाच व्हॉट्सअ‍ॅप नाही, तिथे एसएमएस चालेल का? जानेवारी २०२५ पासून फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज मिळायला लागलेत आणि गावातल्या वयस्कर माणसांनी ते घेतलेत. त्यांच्या फोनमध्ये नेटच नाही.

अक्षर_मोजणारा

एसएमएसचं मी सांगतो, रोजचं काम आहे. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘म्हैस’ डोळ्याला दोन अक्षरं दिसतात, मोजणीत पाच: म, हलन्त, ह, दोन मात्रांची खूण, स. तुमची चिठ्ठी अशी धरा:

१२/०६ खाते २१४ म्हैस सकाळ ४.५ ली फॅट ६.८ एसएनएफ ९.१ दर ५६.२० रु २५२.९०

मोकळ्या जागा धरून बरोबर ७०. संस्थेच्या नावाला एकही अक्षर उरत नाही, आणि नावाशिवाय चिठ्ठी पाठवणं योग्य नाही. दुसरा भाग सुरू झाला की पैसे दोन एसएमएसचे लागतात, आणि जोडलेल्या मेसेजमध्ये प्रत्येक भागात ७० ऐवजी ६७ च बसतात. म्हणून रोजची चिठ्ठी एसएमएसनं नको, कागद आहेच. दहा दिवसांचं बिल जमा झाल्याचा एक एसएमएस द्या: संस्था, खाते, एकूण लिटर, हातात येणारी रक्कम. तो एकातच बसवता येतो, पण संस्थेचं नाव आखडतं लिहा. ‘सहकारी दूध व्यावसायिक संस्था मर्यादित’ पूर्ण लिहायला गेलात तर निम्मा एसएमएस त्यातच संपेल.

त्याआधी डीएलटीवर (कंपन्यांच्या एसएमएससाठीच्या नोंदणी पोर्टलवर) नोंदणी लागेल: पाठवणारी कंपनी, हेडर (मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव), आणि प्रत्येक टेम्प्लेटचा मजकूर. टेम्प्लेटमध्ये बदलणारी जागा कुठे ते आधीच ठरवून मंजूर करून घ्यावं लागतं. मजकुरात एक रेघ इकडची तिकडे झाली तर मेसेज अडतो. मराठीत तर ‘ऱ्य’ आणि ‘र्‍य’ स्क्रीनवर एकच दिसतात पण आत वेगळे साठवलेले असतात, त्यावरूनही अडलेले मी पाहिलेत. मंजूर झालेला मजकूर पोर्टलवरून उचलूनच प्रोग्राममध्ये चिकटवा, हातानं परत टंकू नका.

वाईची_पुण्यात

चाकणच्या दादांनी फरकाचं लिहिलंय ते उचला. मागच्या दहा दिवसांची सरासरी आणि आजचं फॅट, एवढी एकच तुलना मेसेजच्या पहिल्या ओळीत. ‘म्हैस फॅट ५.९, नेहमी ६.९’. पुढचं ज्याला वाचायचं तो वाचेल. फक्त ‘पेंड बदला’ किंवा ‘डॉक्टरला बोलवा’ असला सल्ला मशीनकडून देऊ नका. तो बापलेकांच्या फोनवर होऊ दे.

गुंतवणूकदार काय विचारणार हेही तुम्ही लिहिलं होतंत. अ‍ॅप किती जण उघडतात याऐवजी किती खातेदारांच्या घरून दहा दिवसांत एकदा तरी आपणहून ‘दूध’ असा मेसेज आला, तो आकडा दाखवा. तो तुम्हाला विकत घेता येत नाही आणि फुगवताही येत नाही. ज्याला त्याचं महत्त्व कळत नाही त्याचे पैसे घेण्याआधी थांबा. आणखी काही महिने संस्थांच्या वर्गणीवर कंपनी चालवता आली तर चालवा.

भोगावतीकाठ

बरोबर. संस्थांची वर्गणी नियमित येते, तेवढ्यावर आम्ही चालू शकतो.

शेवटचं: जुने नंबर कसे तपासायचे? प्रत्येकाला फोन करणं चौघांना जमण्यासारखं नाही, आणि ओटीपी पाठवला तर निम्मे लोक फसवणूक समजून उत्तरच देत नाहीत. सध्याच्या बातम्या बघता त्यांचं बरोबरही आहे.

वाईची_पुण्यात

ओटीपी नको. कागदी बिल दर दहा दिवसांनी प्रत्येकाच्या हातात जातंच. त्यावर खाते क्रमांकाच्या शेजारी, नोंदवलेल्या प्रत्येक नंबरचे शेवटचे चार आकडे छापा आणि खाली एक ओळ टाका: ‘नंबर बदलला असल्यास सचिवांना सांगावे.’ ज्यांचा नंबर बदललाय ते पुढच्या एक-दोन बिलांत स्वतः येऊन सांगतील. सचिवांना टॅबवर तो बदलायला एकच बटण द्या, आणि कुणी कधी बदलला त्याची नोंद ठेवा. सहा बिलं होऊनही ज्या नंबरावरून एकदाही काही आलं नाही आणि ज्याबद्दल कुणी काही बोललं नाही, त्या नंबरावर बिल पाठवणं थांबवा. कागद चालू ठेवा.